खिशातला कॅमेरा घ्यायचाय? आधी घरातला उजेड बघा

संध्याकाळचे साडेसात वाजलेत, हॉलमध्ये एकच ट्यूबलाइट चालू आहे, पोरगं सोफ्यावरून खाली उड्या मारतंय आणि आजी त्याच्याकडे बघून हसतेय. खरं सांगते, छोट्या कॅमेऱ्यासाठी याच्याइतका अवघड फोटो दुसरा नाही. सिंहगडावरून दिसणारी दरी किंवा कासची फुलं त्यामानाने सोपी, उजेड भरपूर असतो आणि डोंगर काही हलत नाही. घरात मात्र उजेड कमी, माणसं हलती, आणि मागे सरकावं तर पाठीला भिंत लागते. आपले रोजचे फोटो जास्त करून असेच असतात ना, बारसं, केळवण, वाढदिवस, रात्रीची जेवणं. पण कॅमेरा घेताना आपण बघतो मेगापिक्सेल आणि झूम, ज्यांचा या फोटोशी जवळजवळ काही संबंध नाही.

मी २०११ मध्ये असाच घेतला होता. कंपनीचं नाव राहू दे. १६ मेगापिक्सेल आणि १० पट झूम, खोक्यावर हे दोनच आकडे मोठ्या अक्षरात. त्याच वर्षी पुतणीचं बारसं झालं, घरातच, संध्याकाळी. शंभरेक फोटो काढले, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर टाकले तर पाळण्याभोवतीच्या बायकांचे चेहरे मेणाचे केल्यासारखे, आणि वहिनी वाकून बाळाच्या कानात नाव सांगतेय त्या फोटोत तिचा हात म्हणजे नुसता पांढुरका पट्टा. तो क्षण परत येत नाही. तेव्हा मला वाटलं माझाच हात हलला, म्हणून पुढे बरेच दिवस श्वास रोखून फोटो काढत बसायचे. कारण वेगळंच होतं, ते कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

तर मुद्दा उजेडाचा. दुपारचं ऊन आणि रात्रीचा हॉल यांच्या उजेडात शेकडो पटींचा फरक असतो. आपल्याला तो जाणवत नाही कारण डोळा गुपचूप जुळवून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. त्याच्याकडे तीनच उपाय असतात. एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, पण मग तेवढ्यात पोरगं हललेलं असतं. दोन, लेन्सचं भोक मोठं करायचं, म्हणजे अपर्चर. तीन, आलेला थोडा उजेड आतल्या आत वाढवून घ्यायचा, म्हणजे आयएसओ वाढवायचा, पण त्यात दाणे येतात, आणि ते दाणे घालवायला कॅमेरा चेहऱ्यावरून जणू इस्त्री फिरवतो. माझ्या बारशाच्या फोटोंत पहिली आणि तिसरी दोन्ही गोष्टी एकदम झाल्या होत्या.

आकड्यात बघूया, म्हणजे डोक्यात बसेल. गप्पा मारत असलेल्या, हातवारे करणाऱ्या माणसाचा फोटो न हलता यायला शटर साधारण १/१२५ सेकंद हवं, उड्या मारणाऱ्या पोराला १/२५० किंवा त्याहून जलद. घरातल्या नेहमीच्या उजेडात १/१२५ ठेवलं, तर एफ २ च्या लेन्सला आयएसओ ८०० च्या आसपास लागतो, एफ २.८ ला १६०० आणि एफ ५.६ ला थेट ६४००. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे उलटं आहे पण एकदा लक्षात ठेवलं की झालं. आणि हा हिशेब वर्गाने चालतो, म्हणजे एफ ५.६ वर एफ २.८ च्या निम्मा नाही, पाव उजेड येतो.

दुसरी गोष्ट सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर चित्र पडतं तो चौकोनी तुकडा. पावसात अंगणात एक वाटी ठेवली आणि एक परात ठेवली तर पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत जास्त जमतं, तसंच हे. साध्या छोट्या कॅमेऱ्यात जो सेन्सर असतो त्याला १/२.३ इंची म्हणतात, तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्याच्या वरचा एक इंची, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. (हो, एक इंच कुठेच भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असायच्या, त्यांच्या बाहेरच्या जाडीवरून ही मापं पडली आणि तशीच राहिली.) मग एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर १/२.३ इंचीचं २८ चौरस मिलिमीटर, एक इंचीचं ११६ आणि एपीएस-सीचं ३६६ च्या घरात.

आता सेन्सर आणि लेन्स एकत्र धरा, कारण दोघांचा गुणाकार होतो आणि लोक नेमकं इथेच चुकतात. १/२.३ इंची सेन्सर आणि एफ ३.३ ची लेन्स असलेला साधा कॅमेरा, आणि एक इंची सेन्सर आणि एफ १.८ ची लेन्स असलेला कॅमेरा, दोन्ही खिशात मावतात, दुकानात शेजारी ठेवले तर भावंडं वाटतील. पण त्याच वेळात दुसरा पहिल्यापेक्षा साधारण १३-१४ पट उजेड गोळा करतो. बारशाचा फोटो येणं आणि न येणं यातला फरक तो हा.

मेगापिक्सेलचं थोडक्यात सांगते. ४ बाय ६ इंची चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० ठिपके पुरतात, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या थोडं वर. फुल एचडी टीव्हीलाही तेवढेच. ए४ आकाराची प्रिंट काढायची तर ९ च्या आसपास. १२ असले की घरगुती कामाला भरपूर, त्याच्यावरचा आकडा बघून पैसे वाढवून देऊ नका.

मग फोन काय वाईट आहे, हा प्रश्न येणारच आणि तो बरोबर आहे. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आज १/२.३ इंचीपेक्षा बराच मोठा असतो, आणि फोन एका फोटोसाठी पटापट अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकांवर रचतो, त्यामुळे दाणे कमी होतात. म्हणजे तुमच्याकडे बऱ्यापैकी फोन असेल आणि तुम्ही १/२.३ इंची सेन्सरचा कॅमेरा घेणार असाल, तर घरातल्या फोटोंसाठी तुम्ही पैसे देऊन मागे जाताय. हे दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगते. तो कॅमेरा घ्यायची कारणं वेगळी असू शकतात, खरा झूम, खरा फ्लॅश, मुलांच्या हातात फोन द्यायचा नाही, ही सगळी पटण्यासारखी कारणं आहेत. पण "फोनपेक्षा चांगला फोटो येईल" म्हणून घेत असाल तर एक इंची किंवा त्याच्यावरचाच बघा. फोनची फ्रेम एकमेकांवर रचायची युक्ती स्थिर वस्तूवर मस्त चालते, हलत्या पोरावर तितकी नाही, आणि तिथे मोठा सेन्सर असलेला कॅमेरा एकाच फ्रेममध्ये काम करून जातो.

आता दुकानात उभं राहून सेन्सर ओळखायचा कसा? विक्रेत्याला विचारलं तर बहुतेक वेळा मेगापिक्सेलच सांगतो. यासाठी एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. लेन्सभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरात आकडे छापलेले असतात ते वाचा. कॅननच्या जी७ एक्स मार्क ३ वर ८.८–३६.८ मिमी, १:१.८–२.८ असं आहे. ऑलिम्पसच्या टफ टीजी-६ वर ४.५–१८ मिमी, १:२.०–४.९. रिकोच्या जीआर ३ वर १८.३ मिमी, १:२.८. पहिला आकडा ४-५ च्या घरात असेल तर सेन्सर छोटा, ९-१० च्या आसपास असेल तर एक इंची, १८ च्या आसपास असेल तर एपीएस-सी. हे जमतं कारण छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स सुरुवातीला साधारण सारखंच रुंद दृश्य दाखवते, आणि तेवढंच दृश्य मोठ्या सेन्सरवर पाडायचं तर लेन्सही त्या प्रमाणात लांब लागते. एकापुढचे आकडे म्हणजे अपर्चर, पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर.

तो दुसरा आकडा अजिबात सोडू नका. सोनीचा पहिला आरएक्स१००, २०१२ मध्ये आलेला, त्याने एक इंची सेन्सर खरोखर खिशात आणला आणि तो कॅमेरा मला आजही मनापासून आवडतो, पण त्याची लेन्स एफ १.८ पासून सुरू होऊन पूर्ण झूमला एफ ४.९ होते. म्हणजे लांब उभं राहून झूम करून पोराचा चेहरा टिपायला गेलात की उजेड सात पटींहून जास्त कमी झाला. घरात या कॅमेऱ्याने झूम करायचाच नाही, दोन पावलं पुढे जायचं. जी७ एक्स मार्क ३ मध्ये झूमच्या टोकाला एफ २.८ राहतो, म्हणून घरातल्या कामाला तो सोयीचा. आणि नवीन मॉडेल म्हणजे चांगलं असंही नाही बरं का. आरएक्स१०० च्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आवृत्तीला २४–७० ची (हे आकडे कड्यावरचे नाहीत, जाहिरातीतले, खाली सांगते) एफ १.८–२.८ लेन्स आहे, सहाव्या-सातव्याला २४–२०० चा मोठा झूम दिला पण लेन्स सुरूच होते एफ २.८ पासून. सहलीला, शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून फोटो काढायला सातवा भारी. पण घरात रात्री २०१४ चा तिसरा त्याच्यापेक्षा दुपटीहून जास्त उजेड घेतो, आणि तो सेकंडहँड कितीतरी स्वस्त पडतो.

हे २४–७०, २४–२०० आकडे जाहिरातीत असतात ते जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातले. त्याचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. ३६ ला त्यातल्या पहिल्या आकड्याने भागा, जे येईल त्याला अंतराने गुणा, तेवढी रुंदी आडव्या फोटोत मावते. हॉलमध्ये भिंतीला टेकून तुम्ही माणसांपासून अडीच मीटरवर उभ्या आहात समजा. २४ च्या लेन्सला पावणेचार मीटर रुंदी मावते, म्हणजे पंगतीला बसलेली सहा-सात माणसं सहज. २८ ला सव्वातीन मीटर. ४० ला सव्वादोन. मुंबईच्या वन बीएचकेमध्ये ४० ची लेन्स घेऊन केळवणाचा ग्रुप फोटो काढायचा म्हणजे दाराबाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे रिकोचा जीआर ३ (२८) आणि जीआर ३ एक्स (४०) यात गोंधळ असेल तर घरच्यांच्या फोटोंसाठी पहिला. एकट्या माणसाच्या फोटोला मात्र ४० फार सुंदर, नाक मोठं दिसत नाही. कडेला उभ्या असलेल्या काकू रुंद दिसतात तीही याच २४ ची करामत, म्हणून ग्रुपमध्ये कडेला बारीक माणसं उभी करावीत असं मी करते.

जीआरबद्दल अजून एक. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे एक इंचीच्या तिपटीहून मोठा, त्यामुळे लोकांना वाटतं हा रात्री कुठल्या कुठे जाईल. पण लेन्स एफ २.८, एफ १.८ च्या मानाने उजेड निम्म्याहून कमी, तो गुणाकार केला तर हाताशी साधारण १.३ पट एवढाच फायदा उरतो. झूम नाही आणि आत फ्लॅशही नाही. वजन २५७ ग्रॅम, चपटा, बटण दाबलं की लगेच तयार, रस्त्यावर चालता चालता फोटो काढणाऱ्याला याच्यासारखा सोबती नाही. पण बॅटरी साधारण २०० फोटोंची, दुसरी बॅटरी खिशात हवीच.

खिशाचंही बोलायला पाहिजे. लांबी-रुंदीपेक्षा जाडी बघा, कारण खिशात जाडी टोचते. पहिला आरएक्स१०० साधारण ३६ मिलिमीटर जाड आणि २४० ग्रॅम, जी७ एक्स मार्क ३ आहे ४१ मिलिमीटर आणि ३०४ ग्रॅम. पँटच्या खिशात हा फरक लगेच कळतो. आमच्या कुर्तीला खिसाच नसतो, तिथे पर्स, आणि पर्समधून काढेपर्यंत पोरगं उडी मारून मोकळं होतं, म्हणून मनगटात अडकवायची छोटी दोरी सगळ्यात आधी घ्या. घरात तर कॅमेरा कपाटात ठेवूच नका, टीव्हीशेजारी उघड्यावर राहू दे.

ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम हे बहुतेकांना माहीत आहे, पहिला लेन्सचा आणि खरा, दुसरा म्हणजे फोटो कापून मोठा करणं. पण ऑनलाइन चार-पाच हजारांत "४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम" असे नवेकोरे कॅमेरे दिसतात, तरुण मुलं हौसेने घेतात, त्यांच्याबद्दल कळकळीने सांगते, घेऊ नका. त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर वेबकॅमच्या तोडीचा असतो, थोडे ठिपके घेऊन ते ताणून ४८ केलेले, झूम सगळा डिजिटल. ओळखायची खूण, झूम केल्यावर लेन्स बाहेर येत नाही आणि कड्यावर एफचे धड आकडे नसतात. तेवढ्याच पैशात नावाजलेल्या कंपनीचा जुना सेकंडहँड कॅमेरा घ्या, कितीतरी बरा.

जुने म्हणजे २००५–२०१० चे सीसीडी (जुन्या पद्धतीच्या) सेन्सरवाले कॅमेरे सध्या शोधून घेतले जातात. उन्हात आणि फ्लॅशमध्ये त्यांचे रंग गोड येतात हे मलाही मान्य आहे, फक्त घरात फ्लॅशशिवाय फार अपेक्षा ठेवू नका. आणि घ्यायच्या आधी कार्ड बघा. अगदी जुन्यांना फक्त २ जीबीपर्यंतचं साधं एसडी चालतं, नंतरच्यांना ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी, आज दुकानात मिळणारं ६४ चं कार्ड बरेचसे ओळखतच नाहीत. जुन्या ऑलिम्पस-फुजीमध्ये एक्सडी कार्ड आणि सोनीमध्ये मेमरी स्टिक लागते, ती शोधताना जीव जातो.

सेकंडहँड घेताना (मुंबईत सीएसएमटीजवळचा बोरा बाजार यासाठी बघण्यासारखा आहे) घाई करू नका, स्वतःचं कार्ड घेऊन जा. चालू-बंद दहा वेळा करा, लेन्स बाहेर येताना करकर आवाज आला तर आत वाळू गेलेली असते आणि हा आजार पुढे लेन्स अडकण्यावर जातो, दुरुस्ती परवडत नाही. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो एफ ८ वर काढून मोठा करून बघा, करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही त्यामुळे साफ करायला सगळा खोलावा लागतो. बॅटरी काढून टेबलावर ठेवा, डुगडुगली तर फुगलेली आहे. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तो कॅमेरा खाली ठेवा आणि निघा.

बुरशी ही आपल्याकडची मोठी अडचण आहे, कोकणात, गोव्यात, मुंबईत तर विचारू नका. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला की ऑक्टोबरमध्ये लेन्सवर जाळं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून दोन फोटो घ्या. एसीतून एकदम बाहेर दमट हवेत काढला तर लेन्सवर वाफ धरते, पुसू नका, दहा मिनिटं बॅगेतच राहू दे. समुद्रावर जास्त जाणं असेल, मुलं पाण्यात खेळत असतील, तर मात्र छोट्या सेन्सरचा टीजी-६ किंवा टीजी-७ घ्या, १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि वाळूला भीत नाही. उन्हात उजेड एवढा असतो की सेन्सरचा तोटा फारसा जाणवत नाही.

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर दोन गोष्टी. वॉरंटी बऱ्याचदा त्या देशापुरतीच असते. आणि अमेरिकेतून आणला तर व्हिडिओची सेटिंग तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेला धरून असते, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. मेनूत पाल (PAL, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेला धरून असलेली व्हिडिओ सेटिंग) निवडता येत असेल तर निवडा, नाहीतर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. जपानी बाजारातल्या काही सोनी कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो, ते आधीच विचारून घ्या.

फ्लॅशबद्दल लोकांच्या मनात उगाच राग आहे. कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश क्षणाच्या छोट्या तुकड्यात चमकतो, १/१००० सेकंदाच्या आसपास, त्यामुळे उडी मारलेलं पोर हवेत गोठतं, फोनच्या एलईडीला ते जमत नाही. तीन-चार मीटरच्या पुढे मात्र तो पोचत नाही, हॉलमधल्या स्टेजवर मारून उपयोग नाही. औक्षणाच्या वेळी तर बंदच ठेवा. निरांजनाचा तो पिवळा उजेड चेहऱ्यावर पडलेला असतो, फ्लॅशने तो पार पुसला जातो आणि तबक धरलेल्या बाईच्या कपाळावर चकाकी येते. तिथे लेन्स पूर्ण रुंद, अपर्चर पूर्ण उघडं, आणि ताईला सांगायचं की ओवाळून झालं की दोन सेकंद तशीच थांब.

हाताच्या थरथरीवर इलाज म्हणून स्टॅबिलायझर असतो, चांगला असतो, पण तो तुमचा हात सांभाळतो, समोरच्याची हालचाल नाही. माझी २०११ ची गल्लत इथेच झाली होती, खोक्यावर लिहिलेलं वाचून मला वाटलं आता काहीच हलणार नाही.

कॅमेरा घरी आणला की पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन ऑटो आयएसओ चालू करा, वरची मर्यादा एक इंचीला ३२०० ठेवा, आणि कमीत कमी शटर स्पीड ठरवायची सोय असेल तर १/१२५. थोडे दाणे आलेला फोटो चालतो, हललेला फोटो नंतर कशानेही सुधारत नाही. बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवायची सवय लावा, मग पोराने उडी मारली की उरलेलं अर्धं दाबायचं, वेळ जवळजवळ लागत नाही. आणि तारीख-वेळ लावा. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात ती लावायची राहून गेली होती, त्यामुळे बारशाच्या सगळ्या फोटोंवर १ जानेवारी २०१० आहे, पुतणीच्या जन्माच्या आधीची तारीख. पुतणी आता कॉलेजला जायच्या वयाला आलीय, मध्यंतरी ते फोल्डर उघडून बसली होती आणि हे फोटो कोणाच्या बारशाचे म्हणून विचारत होती.